रात्रीचं आत्मपरीक्षण: पापांची यादी नको, वेळ सांगा

चर्चच्या मागच्या बाकावर आत्मपरीक्षणाच्या ज्या पुस्तिका पडलेल्या असतात, त्या बहुतेक दहा आज्ञांच्या प्रश्नावल्या असतात. मी देवाचं नाव व्यर्थ घेतलं का, चोरी केली का, खोटी साक्ष दिली का. पापनिवेदनाला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायला, जाण्याआधी त्या उपयोगी पडतात. पण रोज रात्री तेच प्रश्न स्वतःला विचारत बसलात तर पंधरवड्यात एक तर कंटाळाल, नाहीतर स्वतःला कायमचं नालायक ठरवून मोकळे व्हाल. मी दोन्ही करून पाहिलंय.

त्यानंतर वीसेक वर्षं मी येशूसंघाचे (जेझुइटांचे) संस्थापक संत इग्नेशियस लोयोलांनी घालून दिलेली पद्धत वापरतेय. त्या संघाचे फादर तिला 'एक्झामेन' म्हणतात. पायऱ्या पाच, वेळ पंधरा मिनिटं. भांडी आवरून झाली की खुर्चीत बसायचं. अंथरुणात करू नका, झोप लागते. मोबाईल दुसऱ्या खोलीत.

पहिली पायरी आभाराची. आजच्या तीन गोष्टी, नावानिशी. 'सर्व कृपादानांबद्दल' हे मी धरत नाही. विरारच्या गर्दीत कुणी तरी सरकून चौथी सीट दिली, हे धरते.

दुसरी, प्रकाश मागणं. एक वाक्य पुरतं. बायबलमधल्या स्तोत्र १३९ च्या शेवटी स्तोत्रकर्ता आपलं मन तपासायचं काम देवावरच सोपवतो, तेवढंच करायचं.

तिसरी पायरी दिवसाकडे वळून पाहण्याची, आणि सगळी गाडी इथेच अडते.

पहिली दोन वर्षं मी रोज रात्री एकच यादी म्हणत होते: चिडले, खोटं बोलले, प्रार्थनेत लक्ष नव्हतं. पापनिवेदनातही तीच. शेवटी एका म्हाताऱ्या फादरांनी मला मध्येच थांबवलं. "बाय, हे तर कुणाचंही असू शकतं. तू चिडलीस ते किती वाजता?" मला सांगता येईना. "मग आधी वेळ शोध," म्हणाले, आणि पुढचं काही ऐकून घ्यायला तयारच नव्हते.

तेव्हापासून माझा नियम: घड्याळाच्या मागे जायचं. सकाळी उठल्यापासून एकेक तास डोळ्यांसमोर आणायचा आणि बघायचं, मन कुठे फिरलं? कुठे हलकं झालं, कुठे आंबट? पाप शोधायचंच नाही. मन जिथे फिरलं ती जागा शोधायची. पाप असेल तर तिथेच आसपास सापडतं.

ही युक्ती खुद्द इग्नेशियसांना अंथरुणावर पडल्यापडल्या सापडली. १५२१ साली स्पेनमधल्या पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. लोयोलाच्या आपल्या घरच्या वाड्यात महिनोन् महिने पडून असताना ते कधी शौर्याची आणि दरबारी स्त्रीची स्वप्नं रंगवत, तर कधी संतांसारखं जगण्याची. रंगवताना दोन्ही गोड लागत. फरक नंतर कळे: पहिल्या स्वप्नांनी मन कोरडं पडे, दुसऱ्यांचा आनंद मागे रेंगाळे. मागे उरणारी चव ओळखायला ते तिथे शिकले. त्यांचं परिवर्तन या निरीक्षणापासून सुरू झालं, हे आपल्याला प्रवचनात क्वचितच सांगतात.

माझंच उदाहरण देते. एका रात्री यादीत नेहमीप्रमाणे 'मुलावर ओरडले' होतं. वेळ: संध्याकाळी साडेसात. कारण म्हणे डबा धुतला नव्हता. पण आंबट चव त्याआधीपासून होती, म्हणून मागे मागे गेले. गाडीत होती. दुपारी जेवताना होती. सकाळी साडेअकराला साहेबांनी ऑफिसातल्या नव्या मुलीचं सगळ्यांसमोर कौतुक केलं, तिथपर्यंत माग लागला. आणि मधे, जेवणाच्या टेबलावर, मी तिघींना सहज म्हणून सांगितलं होतं की तिचे हिशेब दुसरंच कुणी तरी तपासून देतं. हे मला धड माहीतही नव्हतं. मुलावरचा राग मी वर्षानुवर्षं कबूल करत आले होते. हे बोलणं एकदाही यादीत आलं नव्हतं. यादीची हीच खोड आहे. ती तुम्हाला ठाऊक असलेलीच पापं दाखवते.

तीन खड्डे सांगते, तिन्हींत पडून झालंय. एक: दिवस बघता बघता आपण सासूचा, साहेबांचा, शेजाऱ्यांचा दिवस बघायला लागतो. दुसऱ्याच्या डोळ्यातल्या कुसळाचं वर्णन तिसऱ्या वाक्याच्या पुढे गेलं की थांबा आणि मुसळाकडे या. दोन: फक्त वाईट तास बघणं. मन जिथे हलकं झालं, तिथेही देव होता. तो तास गाळलात तर परीक्षण अर्धंच झालं.

तिसरा खड्डा धोक्याचा. क्षमा मिळालेली पापं पुन्हा पुन्हा उकरणं, 'नीट सांगितलं होतं ना?' म्हणत रात्र जागवणं. याला भक्ती समजू नका. पुढे स्पेनमधल्याच मान्रेसा गावी इग्नेशियस याच शंकांनी इतके पिचले की जीव द्यावासा वाटू लागला. अशा माणसाला जास्त परीक्षण करायला सांगणं म्हणजे आगीत तेल. त्याने हा लेख बाजूला ठेवावा, पापनिवेदन ऐकणारा एकच फादर धरून त्याचं ऐकावं, आणि झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल तर लगेच डॉक्टरांकडेही जावं.

चौथी पायरी, क्षमा मागणं. जे सापडलं तेवढ्याचीच, थोड्या शब्दांत. लूकच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायातला जकातदार एका वाक्यात आटोपतो. गंभीर असेल तर पापनिवेदन आहेच. रात्रीचं परीक्षण त्याची जागा घेत नाही.

पाचवी, उद्याचा निश्चय. 'उद्यापासून रागावणार नाही' हा निश्चय नव्हे, ती हवा आहे. इथेही तोच प्रश्न: किती वाजता? लूकच्याच पुढच्या अध्यायातला श्रीमंत जकातदार जक्कय बघा, मी सुधारेन असं मोघम बोलत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना, फसवलं असेल त्याला चौपट, असा आकडाच सांगतो. माझा निश्चय होता: उद्या दीडला, त्याच टेबलावर, त्याच तिघींसमोर म्हणायचं की मी बोलले ते मला माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी जमलं नाही. दुसऱ्या दिवशी एक जण रजेवर होती, आणि मला केवढं बरं वाटलं! तिसऱ्या दिवशी बोलले. एक जण हसली, दुसरीने विषय बदलला. मुलावरचं ओरडणं त्या आठवड्यात कमी झालं, त्यासाठी वेगळं काही न करता.

एकच खोड पुन्हा पुन्हा सापडू लागली, तर इग्नेशियसांचा दुसरा उपाय घ्या. सकाळी उठताच त्या एकाच दोषाचा निश्चय, दुपारी जेवणानंतर मोजणी, रात्री पुन्हा मोजणी. दिवसाला दोन रेघा आखायच्या, चुकलं तितके ठिपके द्यायचे, कालची आजशी आणि आठवड्याची आठवड्याशी तुलना करायची. चुकताक्षणी छातीवर हात ठेवायचा. शेजारच्याला कळतसुद्धा नाही. दोष मात्र एकच. मी एकदा चार घेतले आणि गुरुवारपर्यंत वही हरवली.

मध्ये रात्री चुकतीलच. चुकलेले दिवस भरून काढायला बसू नका, आजचाच दिवस घ्या. आणि पंधरा मिनिटं झाली की उठा, काही सापडलेलं नसलं तरी.