चॅट डिलीट करू नकोस: फोटोवरून धमकी आली तर

मी विटाव्यात नववी-दहावीच्या मुलींचे क्लास घेते. शिकवायचं बीजगणित, पण इन्स्टावरच्या भानगडीही माझ्याच कानावर येतात. ‘अजून फोटो पाठव, नाहीतर हा सगळ्यांना टाकतो’ असा मेसेज आला की बहुतेक पोरी आधी चॅट उडवतात. आईने मोबाइल हातात घ्यायच्या आत सगळं साफ, पुरावाही साफ.

म्हणून ब्लॉक करायच्या आधी स्क्रीनशॉट काढ. धमकीचा मेसेज, तारीख, वेळ, पैसे मागितले असतील तर यूपीआय आयडी. प्रोफाइलवरचं ठळक नाव फारसं कामाचं नाही, ते कोणीही बदलतं. वरचं युजरनेम वहीत लिहून घे, आणि तीन टिंबांवर दाबून प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेव. मात्र तुझा तसला फोटो ‘पुरावा’ म्हणून मैत्रिणीला, अगदी मलासुद्धा, फॉरवर्ड करू नकोस. फोनमध्येच राहू दे, पोलिसांना तिथेच दाखवायचा. आणि पैसे द्यायचे नाहीत. एकदा दिले की मागणी वाढतेच. दिलेच असतील तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन.

मग घरी सांग. आईला सांगायला जमत नसेल तर मावशीला, बाईंना. तेही नको असेल तर १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन. माझ्याकडे येणाऱ्या मुलींना मी आधीच सांगून ठेवते, की ‘बाई, कुणाला सांगू नका’ हे वचन मी देणार नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) अठराच्या आतली प्रत्येक मुलगी (आणि मुलगाही, हे लोक विसरतात) बालक आहे, आणि असा गुन्हा ज्याला कळला त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. गप्प बसलं तर शिक्षा आहे. ‘शाळेचं नाव खराब होईल’ म्हणणाऱ्यांना हे कलम १९ आणि २१ खुशाल वाचून दाखवा.

फोटो खोटा, एआयने बनवलेला असला तरी तो टाकायची धमकी देणं हा पॉक्सोत गुन्हाच आहे. उगाच ‘माझा नाहीच तो’ म्हणून सोडून देऊ नकोस.

पोलिसांची धास्ती मुलींपेक्षा पालकांना जास्त. पॉक्सोचं कलम २४ असं आहे: जबाब मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, आणि गणवेश न घालता. रात्री मुलीला पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. तिचं नाव, शाळा, पत्ता माध्यमांत येता कामा नये. आमच्याकडे हद्दीचा घोळ नेहमीचा: विटावा ठाणे शहरात, पुढचं दिघा नवी मुंबईत, पोलीस आयुक्तालयंही वेगळी. तरी ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द कुठलीही असो तिथेच घ्यायचा गुन्हा, नोंदवा म्हणायचं. घरबसल्या तक्रार करायची तर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टल आहे, तिथे महिला आणि मुलांसंबंधीची तक्रार नाव न देताही करता येते. पण माझं मत, नाव देऊन करा. तपास पुढे सरकायला ते बरं.

फोटो काढून टाकायला ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे, अठराच्या आत काढलेल्या फोटोंसाठी. फोटो अपलोड होत नाही. फोनवरच त्याची एक सांकेतिक खूण तयार होते, आणि इन्स्टा, फेसबुकसारख्या कंपन्या तिच्यावरून तो शोधून हटवतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरलेल्या फोटोला मात्र ती चालत नाही. तिथे ग्रुपचं नाव, पाठवणाऱ्याचा नंबर यांचे स्क्रीनशॉट काढून ठेव आणि तक्रारीला जोड.