फेडरल एजंटने कायदा मोडला तर केस कोणावर आणि कशी करायची?

अमेरिकेतल्या आपल्या लोकांचा नेहमीचा प्रश्न, लोकल पोलिसांवर केस होते मग आयसीईवाल्यांवर (म्हणजे इमिग्रेशनची धरपकड करणाऱ्या फेडरल एजन्सीवर) का नाही? तर १८७१ चा जो कायदा आहे ना, सेक्शन १९८३, त्यात राज्याचे आणि गावचे अधिकारीच येतात, फेडरलवाले त्यातून सुटतात. १९७१ मध्ये बिव्हन्स निकालाने त्यांच्यावर वैयक्तिक दावा लावायची सोय झाली होती, पण सुप्रीम कोर्टाने २०२२ च्या एग्बर्ट निकालात तीही जवळजवळ संपवली. म्हणून आता राज्यं आपापले कायदे करतायत. इलिनॉयने डिसेंबर २०२५ मध्ये केला, सिव्हिल (म्हणजे फौजदारी नसलेल्या) इमिग्रेशन कारवाईत कोणी जाणूनबुजून घटनेतले हक्क मोडले तर थेट त्या माणसावर दावा. केंद्र सरकार लगेच त्याविरुद्ध कोर्टात गेलं, त्यामुळे आज त्याची काय स्थिती आहे ते वकिलाला विचाराच.

कायदा कुठलाही असो, माणूस किंवा निदान त्याची एजन्सी ओळखता आली नाही तर केस उभी करणं अवघड जातं. जॅकेटवर पोलीस असं सगळेच लिहितात, त्याच्या आजूबाजूला एचएसआय (आयसीईचीच तपास शाखा), सीबीपी (सीमा आणि कस्टमची एजन्सी) असं काही दिसतंय का बघा, बॅज नंबर, गाडीची प्लेट, वेळ, कोण काय बोललं, सगळं त्याच दिवशी लिहून काढा. डोअरबेल कॅमेऱ्याचं फुटेज काही दिवसांनी आपोआप उडतं, तेव्हा शेजाऱ्यांकडचंही लगेच मागून घ्या. लागलं असेल तर डॉक्टरकडे जाऊन रिपोर्ट घ्या. वॉरंट दाखवलं तर फोटो काढा, सही कोर्टाच्या जज्जची आहे की आयसीईच्याच अधिकाऱ्याची यावर पुढे बरंच अवलंबून असतं.

आता फेडरल सरकारवरचा दावा, हा वेगळा. त्यासाठी आधी एसएफ-९५ हा भरपाई मागायचा फॉर्म त्या एजन्सीकडे द्यावा लागतो आणि तो दोन वर्षांच्या आत त्यांच्या हातात पडायला हवा, नुसता पोस्टात टाकून भागत नाही. रकाना १२डी मध्ये एकूण रक्कम आकड्यातच लिहायची, 'नंतर कळवतो' असं लिहिलंत तर हक्क जाऊ शकतो असं फॉर्मवरच छापलंय (आणि तरी लोक तो कोरा सोडतात!). सहा महिन्यांत उत्तर आलं नाही तर नकार समजून कोर्टात जाता येतं, आणि लेखी नकार आला तर त्यांनी तो टपालात टाकला त्या तारखेपासून सहाच महिने मिळतात. ज्युरी नाही, पण वकिलाची फी कायद्यानेच बांधलीय, कोर्टाआधी मिटलं तर जास्तीत जास्त २० टक्के आणि केस झाली तर २५.

एक गोम आहे मात्र. सरकारवरच्या या दाव्याचा निकाल लागला, अगदी तुमच्या विरुद्ध लागला तरी, त्याच प्रकरणात त्या एजंटवर वैयक्तिक दावा सहसा करता येत नाही. त्यामुळे आधी काय आणि मागून काय हे फॉर्म भरायच्या आधीच ठरवा, आणि त्यासाठी सिव्हिल राइट्सचा वकील गाठा, तुमचा व्हिसाचा वकील हे काम बहुतेक करत नाही. पण ग्रीन कार्डची वगैरे केस चालू असेल तर फॉर्मवर लिहिलेलं प्रत्येक वाक्य त्यालाही दाखवा, मगच सही करा.