आरएक्स 100 ची डर्ट बाइक: गेलेला खालचा पिकअप परत कसा आणावा

यामाहा आरएक्स 100 चे इंजिन 98 सीसीचे, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 50 मिमी आणि स्ट्रोकही (पिस्टनचा वर-खाली प्रवास) 50 मिमी. कंपनीने दिलेली 11 अश्वशक्ती मिळते ती 7,500 आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे). 1985 ते 1996 या काळात भारतात बनलेली ही गाडी मातीच्या ट्रॅकवर अजून पळते, पण डर्टसाठी तयार केलेल्या बहुतेक गाड्यांची तक्रार एकच असते: वर गेली की सुटते, वळणातून बाहेर पडताना मात्र हाफ क्लच दाबल्याशिवाय उचलत नाही. म्हणजे कमी आरपीएमची ओढ, खालचा पिकअप, गेलेला असतो.

मूळ गाडीत हा दोष नव्हता. बटन टायर (मातीसाठीचे गुठळ्यांचे टायर), मोठा कार्बोरेटर आणि पोर्टिंग (सिलिंडरमधली गॅसची भोके घासून मोठी करणे) या तिघांनी मिळून तो आणलेला असतो. म्हणून नवे पार्ट घेण्याआधी ताकद कुठे गळते ते शोधा, आणि पुढे दिलेला क्रम मोडू नका. फटीतून बाहेरची हवा ओढणाऱ्या इंजिनावर जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी भोके) लावत बसणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे.

आधी इंजिन घट्ट आहे का ते बघा

इंजिन गरम करा, प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत जोरात किका मारा. 100 पीएसआयच्या खाली आकडा आला तर रिंग किंवा बोअर गेले असे समजा. ओव्हरसाइज पिस्टन 0.25 मिमीच्या पायरीने येतात. पिस्टन आधी विकत घ्या आणि तो हातात देऊनच ब्लॉक बोअर करायला टाका. पिस्टन न मोजता बोअर केले की एकतर गाडी जॅम होते, नाहीतर पिस्टन खडखडतो. बसवण्यापूर्वी रिंग बोअरमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट फिलर गेजने बघा. 0.15 ते 0.35 मिमी ठीक आहे.

दुसरी तपासणी लोक टाळतात, आणि खालचा पिकअप सर्वांत जास्त तिथेच जातो. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस (पिस्टनखालची बंद पेटी) हाच पंप असतो. क्रँकचे ऑइल सील कडक झाले की कमी आरपीएमला चार्ज (हवा-पेट्रोलचे मिश्रण) दाबला जाण्याआधीच निसटायला वेळ मिळतो. जास्त आरपीएमला तेवढा वेळ नसतो, म्हणून वर गाडी बरी वाटते आणि सीलवर संशय जात नाही.

गळती मोजायला महागडे यंत्र लागत नाही. रक्तदाब मोजायच्या यंत्राचा डायल आणि फुगा पुरतो. एक्झॉस्ट पोर्टवर आणि इनटेकच्या तोंडावर रबर लावून पत्र्याची पट्टी आवळा. पिस्टन पूर्ण खाली आणा, म्हणजे ट्रान्सफर पोर्ट (क्रँककेसमधून सिलिंडरमध्ये जाणाऱ्या वाटा) उघडे राहतील, आणि प्लगच्या भोकात नळी घट्ट बसवून 260 पर्यंत हवा भरा. 260 मिमी पारा म्हणजे 5 पीएसआय. एका मिनिटात काटा 50 पेक्षा जास्त उतरला तर गळती आहे. साबणाचे पाणी लावत जा: ब्लॉकखालचे पॅकिंग, इनटेकचा जोड, डाव्या बाजूला मॅग्नेटमागचे (क्रँकच्या टोकावरचे वीज बनवणारे जड चाक) सील. कुठेच बुडबुडे नाहीत आणि काटा तरी उतरतोय, तर क्लचकडचे सील गेले. त्याची दुसरी खूण म्हणजे गिअरबॉक्सचे ऑइल कमी होणे आणि धूर न थांबणे.

ऑइल पंप काढून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळत असाल तर पंपाच्या नळीचे इनटेककडचे भोक बंद केले आहे ना, हेही बघा. तेवढ्या भोकातूनसुद्धा हवा ओढली जाते. मिश्रण लिटरला 40 मिली ठेवा.

एक्झॉस्ट पोर्टमधला कार्बन लाकडी पट्टीने खरवडा. सायलेन्सरच्या आतला बॅफल (आवाज दाबणारा भाग) कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर टाका, हातमोजे आणि चष्मा घालून. त्या पाण्याजवळ पिस्टन, हेड किंवा ब्लॉक नेऊ नका. अॅल्युमिनियम खाल्ले जाते.

मग चेन स्प्रॉकेट

मूळ मागचा टायर 2.75-18 चा. त्या जागी 3.50-18 चढवला की चाकाचा व्यास सुमारे 6 टक्के वाढतो आणि सगळे गिअर तेवढे लांब होतात. पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी केला, समजा 14 चा 13, की जवळपास 8 टक्के परत मिळतात. म्हणजे एक दात टायरनेच खाल्लेला होता. खरा फायदा हवा असेल तर मागेही दोन-तीन दात वाढवा. पुढे 12 च्या खाली जाऊ नका: चेन फार लहान वळण घेते, लवकर ताणते आणि स्विंगआर्मला घासते. या सगळ्या लेखातले सर्वांत स्वस्त काम हेच, आणि फरक पहिल्याच फेरीत कळतो.

कार्बोरेटर मोठा नको

मूळ कार्बोरेटर मिकुनीचा, 20 मिमीचा. 26 मिमीचा बसवला की भोकाचे क्षेत्रफळ सुमारे 1.7 पट होते. कमी आरपीएमला तेवढीच हवा रुंद नळीतून मंद वाहते, पेट्रोल नीट उचलले जात नाही आणि एकदम थ्रॉटल दिला की गाडी हुंकार देऊन बसते. खालचा पिकअप हवा असेल तर 20 मिमीच ठेवा, फार तर 22.

जेट खालून वर लावत जायचे. इंजिन गरम करून आयडलवर एअर स्क्रू हळूहळू फिरवा आणि आरपीएम सर्वांत जास्त होते तिथे थांबा. हा मुक्काम पूर्ण आवळल्यापासून एक फेऱ्याच्या आत आला तर पायलट जेट (आयडलचे पेट्रोल देणारा) लहान पडतोय. दोनपेक्षा जास्त फेरे लागले तर मोठा आहे. त्यानंतर नीडल, म्हणजे थ्रॉटलसोबत वर-खाली होणारी सुई. पाव ते अर्ध्या थ्रॉटलला गाडी कोरडी अडखळत असेल तर नीडलची क्लिप एक खाच खाली करा, म्हणजे नीडल वर येईल आणि पेट्रोल वाढेल. फडफडत, धूर सोडत चालत असेल तर उलटे. मेन जेटचा (पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल देणारा) खालच्या पिकअपशी फारसा संबंध नाही, पण तो लहान असेल तर पिस्टन वितळतो. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर तर जेट मोठ्याच बाजूला राहू द्या.

रीड व्हॉल्व्ह (इनटेकमधली एकाच दिशेने उघडणारी पाकळ्यांची झडप) उजेडासमोर धरा. पाकळीखालून उजेड दिसला तर पाकळ्या बदला. स्टीलपेक्षा फायबरच्या पाकळ्या कमी ओढीला उघडतात, आणि तुटल्या तरी बोअर ओरखडत नाहीत.

ब्लॉक आणि हेड

एक्झॉस्ट पोर्ट वर उचललेला ब्लॉक हाती आला असेल तर त्यावर पैसे घालू नका. पोर्ट लवकर उघडला की गॅसचा धक्का पिस्टनवर कमी वेळ राहतो, आणि घासलेला धातू परत येत नाही. मूळ पोर्टचा दुसरा ब्लॉक शोधा.

मूळ ब्लॉक असेल तर उलट दिशेने जाता येते. खालचे पॅकिंग पातळ करून किंवा ब्लॉकचा तळ लेथवर घेऊन सिलिंडर अर्धा मिमी खाली आणला, की एक्झॉस्ट उघडे राहण्याचा काळ सुमारे 2.3 अंशांनी कमी होतो आणि सोबत कॉम्प्रेशनही वाढते. खालच्या ताकदीसाठी दोन्ही हवेच आहे.

मात्र आधी स्क्विश, म्हणजे पिस्टन पूर्ण वर असताना त्याची कड आणि हेड यांमधली फट, मोजा. प्लगच्या भोकातून 1.5 मिमीची मऊ सोल्डरची तार पिस्टन पिनच्या रेषेत, बोअरच्या भिंतीला टेकेपर्यंत घाला आणि मॅग्नेट हाताने फिरवून पिस्टन एकदा वरून पार न्या. दबलेले टोक व्हर्नियरने मोजा. दोन्ही बाजू मोजा, कारण बेअरिंग ढिले असेल तर आकडे वेगळे येतात. 0.9 ते 1.0 मिमी हे लक्ष्य, 0.8 च्या खाली पिस्टन हेडला टेकायची भीती. 1.5 मिमी निघाले तर अर्धा मिमी घ्यायला जागा आहे. एवढ्याने वरचे आकारमान जवळपास 1 सीसी कमी होते. त्यानंतर भर ओढीला टकटक ऐकू आली किंवा प्लगच्या चिनीमातीवर बारीक चकाकते कण दिसले, तर लगेच थांबा आणि जाड पॅकिंग टाका.

सायलेन्सर आणि मॅग्नेट

रेससाठी बनवलेला चेंबर (फुगीर पोटाचा सायलेन्सर) छोटा असतो, कारण परतणारी लाट वरच्या आरपीएमला वेळेवर यावी लागते. पाइप लांब केला की ताकदीचा पट्टा खाली सरकतो. या आकाराच्या इंजिनात पाइप 1 सेमी वाढवला की साधारण 70 ते 80 आरपीएम खाली. बेंड पाइपमध्ये 4 सेमीचा तुकडा वेल्ड करून बघता येतो, आवडला नाही तर कापताही येतो. शेपटीची नळी मात्र बारीक करू नका. उष्णता आत कोंडून पिस्टन जॅम होतो.

मॅग्नेट लेथवर हलका करायची फॅशन आहे. त्याने गाडी पटकन रेस होते, पण मऊ मातीत मागचे चाक नुसते फिरते आणि हळू वळणात इंजिन बंद पडते. मूळ वजनाचाच बसवा.

आता ट्रॅकवर जेट पुन्हा तपासा. मुंबईत समुद्रसपाटीला लावलेली गाडी पुण्यात, म्हणजे सुमारे 560 मीटरवर, जरा जड होते आणि महाबळेश्वरच्या बाजूला 1,300 मीटरच्या वर फडफडायलाच लागते. हवा पातळ झाल्याने पेट्रोल जास्त पडते. तिथे क्लिप एक खाच वर करा, आणि खाली उतरल्यावर ती परत पूर्वीच्या खाचेत घालायला विसरू नका.