गुंडाळलेल्या मितीतला पहिला लूप

चार मितींतला लूप (कण क्षणभर निर्माण होऊन विरतो त्या बंद फेरीचं गणित) हाताशी असतो, डायमेन्शनल रेग्युलरायझेशन (मितींची संख्या किंचित सरकवून अनंत उत्तरं हाताळण्याची रीत) घोटलेलं असतं, आणि मग पाचवी मिती वर्तुळासारखी गुंडाळून समोर येते. पहिल्यांदा वाटतं, यात काय एवढं! प्रत्येक मोड (गुंडाळलेल्या मितीतलं एक कंपन) म्हणजे चार मितींतला एक कण, मोडागणिक लूप काढायचा नि बेरीज मारायची. नेमका इथेच पाय घसरतो, आणि हुशारांचा आधी घसरतो.

सुरुवातीवर फार वेळ घालवू नका. वर्तुळाची त्रिज्या आर, फील्ड फूरिए मालिकेत मांडायचं, एनव्या मोडच्या वस्तुमानाचा वर्ग म्हणजे मूळ वर्ग अधिक एन वर्ग भागिले आर वर्ग. कलुझा (१९२१) आणि क्लाइन (१९२६) यांच्या जुन्या कल्पनेतला हाच तो मोडांचा मनोरा. आकार डोळ्यांसमोर हवा असेल तर, १ भागिले आर म्हणजे १ टीईव्ही (१० चा १२ वा घात इलेक्ट्रॉनव्होल्ट) धरला की आर साधारण २ गुणिले १० चा उणे १९ वा घात मीटर. फाय-चार थिअरीत (फील्डचा चौथा घात हीच स्वतःशी जोडणी, लॅम्डा म्हणजे तिची ताकद) चार मितींतला लॅम्डा म्हणजे पाच मितींतला लॅम्डा भागिले २ पाय (π) आर. हा भागाकार वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा. अर्ध्या चुका त्याच्या विसरण्याने होतात, उरलेल्यांतल्या बऱ्याच ऑर्बिफोल्डवर (वर्तुळ दुमडून केलेल्या दोन टोकांच्या रेषेवर) शून्य मोड (एन शून्य असलेला) आणि इतर मोड यांच्या नॉर्मलायझेशनमधल्या वर्गमूळ २ च्या फरकाने.

आता खड्डा. वस्तुमान नसलेल्या स्केलरच्या (दिशा नसलेल्या फील्डच्या) शून्य मोडला एका लूपमधून किती वस्तुमान मिळतं, एवढंच काढायचंय. प्रत्येक मोडचं चार मितींतलं उत्तर म्हणजे त्याच्या वस्तुमानाचा वर्ग गुणिले काहीतरी लॉग. १० मोडांपर्यंत वर्गांची बेरीज ३८५, २० पर्यंत २,८७०, १०० पर्यंत ३,३८,३५०. मोड वाढवाल तसं उत्तर घनाच्या चालीने पळतं, स्थिरावत नाही. कारण उघड आहे, पण दिसत नाही: चार दिशांत संवेग अनंतापर्यंत मोकळा सोडलात आणि पाचव्या दिशेत एका मोडवर दार लावलंत. मूळ थिअरीला जवळच्या अंतरावर पाचही दिशा सारख्याच. तुमच्या कापण्याने त्या सारख्या राहिल्या नाहीत.

बरं, मग पाच मितींत गोल कटऑफ लावला, चार दिशांचा संवेग आणि मोड मिळून एकच मर्यादा, तर? हे जास्त फसवं आहे, कारण दिसायला शहाणपणाचं दिसतं. सपाट जागेचं इंटिग्रल वजा केल्यावर जे उरतं ते कटऑफ गुणिले आर या गुणाकाराच्या अपूर्णांकाबरोबर हिंदकळतं. हा हिंदोळा १ भागिले आर वर्ग याच आकाराचा असतो आणि कटऑफ कितीही वाढवला तरी विरत नाही. खऱ्या उत्तराच्या जवळपास निम्म्यापर्यंत तो जातो. म्हणजे आलेख छान दिसतो, आकडा चुकलेला असतो. धारदार कडेऐवजी हळूहळू विरणारा कटऑफ घ्या, हिंदोळा जातो.

हे असं का होतं ते ठाण्याच्या तलावपाळीवर उभं राहिलं की कळतं. एखादा माणूस कठड्यापाशी दोन पावलं पुढे-मागे करून जागेवर परत आला, तर तलावाचा घेर केवढा हे त्याला ठाऊक असण्याचं कारणच नाही. पूर्ण फेरी मारून त्याच जागी आला तरच घेर मोजला गेला. लूपमधल्या कणाचंही तसंच. शून्य फेऱ्यांचा भाग म्हणजे सपाट पाच मितींचं इंटिग्रल. सगळी अनंतता त्यात आहे, आणि तिला आरची खबरच नाही. एक, दोन, तीन फेऱ्यांचे भाग आपोआप सांत असतात आणि आर फक्त तिथेच बोलतो. मोडांच्या बेरजेकडून फेऱ्यांच्या बेरजेकडे नेणाऱ्या सूत्राला प्वासाँ पुनर्बेरीज म्हणतात. ते एकदा हाताने करा.

आता प्रत्यक्ष. आधी सगळ्या मोडांची बेरीज, इंटिग्रल नंतर. १ भागिले (के वर्ग अधिक एन वर्ग भागिले आर वर्ग) यांची पूर्ण बेरीज म्हणजे पाय आर भागिले के, गुणिले कॉथ (पाय आर के). के म्हणजे चार दिशांतला संवेग, कॉथ म्हणजे हायपरबोलिक कोटॅन्जंट. कॉथ फोडा: १ अधिक २ भागिले (ई चा २ पाय आर के घात वजा १). तो १ म्हणजे शून्य फेऱ्या, तो रिनॉर्मलायझेशनच्या (अनंत भाग मूळ स्थिरांकांत सामावून घेण्याच्या) खात्यात. दुसरा तुकडा ओळखीचा वाटेल: बोस-आइन्स्टाइन वाटप, फक्त तापमानाच्या जागी १ भागिले २ पाय आर. इंटिग्रल करून वस्तुमान वर्ग येतो लॅम्डा गुणिले झीटा (३) भागिले (३२ गुणिले पायचा चौथा घात गुणिले आर वर्ग). लॅम्डा चार मितींतला, झीटा म्हणजे रीमानचं झीटा फलन. आकड्यात ०.०००३८६ लॅम्डा भागिले आर वर्ग. घाबरू नका, पानभरात होतं.

तपासणी दोन प्रकारे करा. एकूण चारच मिती घेऊन त्यांतली एक गुंडाळा. लॅम्डा भागिले (२४ गुणिले घेराचा वर्ग) आलं पाहिजे, म्हणजे तापमानाच्या थिअरीतलं पाठ्यपुस्तकी उत्तर. दुसरी तपासणी व्हॅक्यूम ऊर्जेची (रिकाम्या जागेच्या ऊर्जेची): एका नियतकालिक स्केलरसाठी उणे ३ झीटा (५) भागिले (६४ गुणिले पायचा सहावा घात गुणिले आरचा चौथा घात), सुमारे उणे ५.०६ गुणिले १० चा उणे ५ वा घात भागिले आरचा चौथा घात. फेरी पूर्ण झाल्यावर फील्डचं चिन्ह बदलत असेल तर याला उणे १५/१६ ने गुणा. वस्तुमान १ भागिले आर एवढं असेल तर एका फेरीच्या भागात ई चा उणे २ पाय घात येतो, सुमारे ०.००१९. म्हणूनच फेऱ्यांच्या बेरजेत दोन-तीन पदं पुरतात, आणि मोडांच्या बेरजेत हजारही पुरत नाहीत.

झीटाच्या शॉर्टकटबद्दल (अनंत बेरजेच्या जागी थेट झीटा फलनाची किंमत टाकणं) स्पष्टच बोलतो. 'एन वर्गांची बेरीज झीटा (उणे २), म्हणजे शून्य, म्हणून वस्तुमान शून्य' हे वाक्य ज्याच्या वहीत दिसेल त्याने ते पान फाडावं. त्या शून्याला शेजारचं गॅमा फलन अनंताने गुणतंय. मोडांवरची बेरीज आणि मिती दोन्ही एकत्र सरकवली की झीटाचं विकलन, म्हणजे उणे झीटा (३) भागिले ४ पाय वर्ग, शिल्लक राहतं आणि वरचंच उत्तर येतं. झीटा खोटं बोलत नाही, घाई करणाऱ्याला फसवतो. आणि 'झीटा लावा, संपलं' म्हणणाऱ्या गाइडपेक्षा 'शून्य फेऱ्यांचं पद कुठे टाकलंस?' असं विचारणारा चिडका सीनियर परवडला. पॅकेजेसही नंतर. आतला कटऑफ कुठल्या जातीचा आहे हे कळत नसेल तर त्याने छापलेला आकडा कुणाच्याही कामाचा नाही.

ठाण्याहून किंवा वाशीहून कुलाब्याला टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) सेमिनारला जायचं म्हणजे अर्धा दिवस लोकल आणि बसमध्ये जातो. तरी जा. फक्त बेरीज-इंटिग्रलचा क्रम लिहिलेलं एक पान बरोबर असू द्या. 'पाच मिती समजत नाहीत' यावर कुणी काय बोलणार? 'या ओळीत हिंदोळा का राहतो' यावर मात्र चहा थंड होईस्तोवर बोलणारे भेटतात.

ऑर्बिफोल्डवर गेलात की एक गोष्ट बदलते. तिथे दोन टोकं आहेत, टोकांपाशी पाचव्या दिशेचा संवेग जपला जात नाही, म्हणून टोकांवर वेगळी अनंतता उगवते आणि तिला टोकावरचीच प्रतिपदं (ती अनंतता खोडणारी पदं) लागतात. वर्तुळावरची पद्धत तशीच उचलून तिथे लावली तर ही पदं गायब दिसतील. ती हाताने घालावी लागतात.