उकडलेला बटाटा वेगळ्या नळीत घाला

'अभिक्रियेत स्वतः न संपता तिचा वेग बदलणारा पदार्थ म्हणजे उत्प्रेरक.' बावीस वर्षं शिकवतेय. ही व्याख्या मुलांना पाठ असते. पण वेग बदलतो कसा, असं विचारलं की वर्ग गप्प. म्हणून मी आधी प्रयोग लावते.

चार परीक्षानळ्या घ्या, खाली ताटली ठेवा आणि डोळ्यांना सुरक्षा चष्मा लावा. प्रत्येक नळीत 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड 2 मिली ओता. बाटली ताजी हवी, कारण त्याचं आपोआपच हळूहळू पाणी आणि ऑक्सिजन होत असतं. पहिली नळी तशीच राहू द्या. दुसरीत चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड, तिसरीत कच्च्या बटाट्याचा वाटाण्याएवढा तुकडा, चौथीत तेवढाच तुकडा, पण दहा मिनिटं उकळून गार केलेला.

दुसरी नळी लगेच खदखदते. तिसरीत तुकड्याच्या कडांना बारीक बुडबुडे चिकटतात, मग पांढरा फेस वर चढत जातो. निखारा असलेली काडी आत धरा. ती पेट घेते. तोच ऑक्सिजन.

पेरॉक्साइडच्या रेणूला फुटण्यासाठी मोलमागे (म्हणजे रेणूंच्या एका ठरावीक संख्येमागे) सुमारे 75 किलोज्यूल ऊर्जेचा चढ चढावा लागतो. बटाट्यातलं कॅटलेज हे विकर (एन्झाइम, म्हणजे सजीवांतला उत्प्रेरक) त्याला दुसरी वाट देते, तिचा चढ 25 च्याही खाली. म्हणून एकाच वेळी कितीतरी जास्त रेणू पार होतात. ऑक्सिजन मात्र वाढत नाही: 2 मिलीतून साधारण 20 मिलीच निघतो, आज किंवा महिन्यांनी. हे मी दरवर्षी पुन्हा पुन्हा सांगते, कारण चूक नेमकी इथेच होते.

दुसऱ्या नळीतली काळी पूड गाळा, धुवा, वाळवा, तोला. वजन तेवढंच भरतं आणि ताज्या पेरॉक्साइडमध्ये ती पुन्हा खदखदते.

चौथी नळी शांत असते. कॅटलेज हे प्रथिन. त्याच्या घडीत पेरॉक्साइडचा रेणू नेमका बसेल अशी खोबण असते. उष्णतेने घडी उसवते आणि गार केल्यावर परत बसत नाही. मँगनीज डायऑक्साइड पाण्यात उकळून घाला, ते पहिल्यासारखंच काम करतं. या दोघांतला फरक मला याहून स्वच्छ दाखवता आलेला नाही.

एका वर्षी माझी चौथी नळीही फेसाळली होती. अख्खा बटाटा जेमतेम उकळून मी मधला तुकडा कापला होता. तो आत कच्चाच होता. तेव्हापासून आधी तुकडे करते, मग उकळते.