उसाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी : हेडलाईट उजळण्याची तयारी

साधारण नोव्हेंबरमध्ये जिल्ह्यातील साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात, गव्हाणीत पहिली मोळी पडते आणि पुढचे चार-पाच महिने कोल्हापूरच्या भोवतालचे रात्रीचे रस्ते ऊसवाहतुकीचे होऊन जातात. एकामागे एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला आणि उसाची टोके हातभर बाहेर आलेली, असा ट्रॅक्टर गगनबावड्याच्या रस्त्यावर कळे ते साळवण या टप्प्यात हंगामभर भेटतो. आपल्या गाडीचे दिवे स्वच्छ असतील तरच तो वेळेवर दिसतो. काही वर्षांपूर्वी कोकणातून परतताना मला अशी ट्रॉली दिसली, ती शेजारी बसलेली पत्नी "अहो, पुढं बघा!" म्हणून ओरडल्यावर. गाडी थांबली, कोणाला काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात हेडलाईटसमोर उकिडवा बसून पाहिले, तेव्हा काचेचा वरचा अर्धा भाग जुन्या मेणकापडासारखा पिवळा आणि खरखरीत झालेला होता. बल्ब नवा होता, बॅटरी चांगली होती. प्रकाश काचेतच अडत होता. तेव्हापासून दरवर्षी पाऊस परतला की घरातील आणि नात्यातील गाड्यांचे दिवे मी तपासतो, गरज असेल ते स्वतः उजळतो, आणि त्या कामाआधी जी तयारी करतो ती येथे लिहीत आहे.

या तयारीत सर्वांत आधी एक निर्णय करावा लागतो, आणि तो पॉलिश पेपर विकत घेण्यापूर्वीच करावा : घासून झाल्यावर त्या काचेवर संरक्षक थर कोणता द्यायचा आहे? ज्या दिवशी थर देण्याची सोय नसेल, त्या दिवशी घासायला बसूच नये. याचे कारण नीट समजून घेतले म्हणजे पुढचे सगळे आपोआप उलगडते. आपण सवयीने 'काच' म्हणतो ती आजच्या गाड्यांत काच नसते, पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक असते. १९५३ मध्ये जर्मनीत बायर कंपनीतील हर्मान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधील डॅनियल फॉक्स यांना ते स्वतंत्रपणे गवसले. वजनाला काचेच्या निम्म्याच्या आसपास, खडी उडून लागली तरी सहसा न फुटणारे आणि हव्या त्या आकारात घडवता येणारे, असे हे प्लास्टिक दिव्यांसाठी सोयीचे आहे. मात्र त्यावर ओरखडे लवकर पडतात आणि उन्हातील अतिनील किरण त्याला सोसत नाहीत. म्हणून कारखान्यातच त्यावर केसापेक्षाही पातळ असा कडक थर दिलेला असतो. वर्षानुवर्षांच्या उन्हाने, धुळीने आणि चुकीच्या धुण्याने तो थर झिजतो, मग खालच्या प्लास्टिकच्या पृष्ठभागावरील रासायनिक बंध तुटू लागतात, त्यातून तयार होणारी द्रव्ये निळा प्रकाश शोषतात आणि दिवा पिवळा दिसू लागतो. सोबत पडणाऱ्या सूक्ष्म भेगांमुळे प्रकाश विखुरतो. तो रस्त्यावर पडायचा तेथे पडत नाही आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत मात्र जातो.

घासणे म्हणजे हा पिवळा पृष्ठभाग काढणे, आणि त्याबरोबर मूळ संरक्षक थराचे जे काही उरले असेल तेही काढणे. उघडे पडलेले पॉलिकार्बोनेट पूर्वीपेक्षा लवकर पिवळे होते. मी आधी टूथपेस्ट चोळून पाहिली होती; तिच्यातील बारीक कण वरवरची पुटे काढतात, चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच. नंतर एका गॅरेजमध्ये मशीनने बफिंग करून घेतले. गाडी बाहेर आली तेव्हा दिवे नव्यासारखे लखलखत होते, आणि मार्चपासूनच्या उन्हाने जूनच्या आत ते पहिल्याहून वाईट झाले, कारण बफिंगनंतर वर काहीच लावलेले नव्हते. ती चकाकी पाहून मीही काही विचारले नाही, याची आजही रुखरुख आहे.

थराचे पर्याय मुख्यतः तीन. पहिला, रंगकाम करणाऱ्याकडून टू-के क्लिअर कोट, म्हणजे हार्डनर (थर कडक करणारे द्रव्य) मिसळलेले पारदर्शक लॅकर, मारून घेणे. हा सर्वांत टिकाऊ. माझ्या गाडीवर त्याने तीन पावसाळे काढले. मात्र त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, त्याच्या वाफा श्वासातून गेल्यास दमा जडू शकतो, आणि कापडी किंवा साधा धुळीचा मास्क त्या वाफा अडवत नाही. म्हणून हे काम घराच्या पार्किंगमध्ये, मुले खेळत असताना, कोणीही करू नये. शिवाजी उद्यमनगरात डेंटिंग-पेंटिंगची कामे होतात, तेथे योग्य मास्क आणि स्प्रे गन वापरणारा कारागीर शोधावा. दुसरा पर्याय, फडक्याने पुसून लावायचे हेडलाईटचे तयार कोटिंग. घरी करणाऱ्यासाठी हेच सुरक्षित, आणि वर्षाकाठी ते पुन्हा लावावे लागते. तिसरा, पारदर्शक संरक्षक फिल्म. ती खडीपासूनही वाचवते, पण दिव्याचा आकार फार गोलाईचा असेल तर कडेला सुरकुत्या राहतात. मेणाचे पॉलिश मी पर्यायांत धरत नाही, कारण ते काही आठवड्यांतच धुऊन जाते.

निर्णय आधी का, हे आता सांगता येईल. क्लिअर कोट मारायचा असेल तर घासणे हजार किंवा दीड हजार नंबरच्या पेपरवर (नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक) थांबवावे आणि कंपाऊंड, म्हणजे चकाकी आणणारी घासण्याची पेस्ट, मुळीच लावू नये, कारण थराला धरून राहायला तो बारीक खरखरीतपणा लागतो आणि कंपाऊंडमधील तेलकटपणाने थर पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. फिल्म लावायची असेल तर मात्र तीन हजारांपर्यंत जाऊन कंपाऊंडने पूर्ण पारदर्शक करून घ्यावे लागते, नाहीतर राहिलेले ओरखडे तिच्याखाली दिसत राहतात. तयार कोटिंगच्या बाबतीत कोठे थांबायचे ते त्याच्या वेष्टनावर लिहिलेले असते आणि ते शब्दशः पाळावे. थर न ठरवता घासणाऱ्याला आपण कोठे थांबायचे हेच कळत नाही.

यानंतर दिव्याची तपासणी. नख वाजवून पाहावे. टणक, खणखणीत आवाज आला तर ती खरी काच आहे, जशी जुन्या अ‍ॅम्बॅसेडरला किंवा पद्मिनीला असे, आणि तिला पेपर लावण्याचा प्रश्नच येत नाही. मग ओल्या बोटाने एका ठिकाणी बाहेरून चोळावे. पाणी असताना तो भाग स्वच्छ दिसत असेल आणि सुकल्यावर पुन्हा धुरकट होत असेल, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागावर आहे आणि आपले काम होण्यासारखे आहे. ओले करूनही फरक पडत नसेल तर धुके आतल्या बाजूने आहे. पावसानंतर आत धरलेली हलकी वाफ दिवे काही वेळ चालू ठेवल्यावर जात असेल तर काळजीचे कारण नाही. पाण्याचे थेंब तळाशी साचत असतील तर आधी दिव्याच्या मागचे रबरी झाकण पाहावे, कारण बल्ब बदलताना ते तिरपे बसवले जाते किंवा मिस्त्रीच्या बाकावरच राहून जाते, असे मी दोन गाड्यांत पाहिले आहे. प्लास्टिकच्या आत खोलवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा गेल्या असतील, किंवा आतला चांदीसारखा रिफ्लेक्टर काळवंडला असेल, तर वेळ न दवडता दिवा बदलावा.

अपेक्षाही आधीच ठरवलेली बरी. अमेरिकेतील वाहनचालकांच्या एएए या संघटनेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, खराब झालेल्या दिव्यांतून नव्याच्या तुलनेत साधारण २० टक्केच प्रकाश मिळत होता, आणि उजळल्यानंतर तो साधारण ७० टक्क्यांपर्यंत परत आला. म्हणजे लाभ मोठा आहे, पण नव्याची बरोबरी नाही. प्रकाश कमी वाटतो म्हणून शंभर वॉटचा बल्ब टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. मूळच्या ६०/५५ वॉटच्या बल्बसाठी केलेले वायरिंग, होल्डर आणि रिफ्लेक्टर त्या उष्णतेने खराब होतात.

साहित्य आदल्या दिवशी जमवून एका ट्रेमध्ये ठेवावे. रंगाच्या दुकानात 'वॉटर पेपर' म्हणून मिळणारे आठशे, हजार, दीड हजार आणि दोन हजार नंबरचे कागद प्रत्येकी दोन, फिल्मसाठी तीन हजारचाही, आणि हे सर्व अर्धा तास पाण्यात भिजत घालावेत म्हणजे कडा मऊ होतात. मास्किंग टेप रुंद घ्यावी आणि दिव्याभोवतीच्या रंगावर, बॉनेटच्या कडेवर, बंपरवर दोन थरांत लावावी, कारण ओला पेपर एकदा जरी निसटला तरी एक थर सहज फाटतो. स्वच्छ पाण्याच्या दोन बादल्या, फवारणीची बाटली, हाताखाली धरायला स्पंजचा ठोकळा, न वापरलेली चार मायक्रोफायबर फडकी, नायट्राइलचे हातमोजे आणि शेवटच्या पुसण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल. थिनर, अ‍ॅसिटोन आणि पेट्रोल या तिन्ही गोष्टी त्या दिवशी गाडीजवळसुद्धा आणू नयेत. त्यांनी पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात आणि ते पुन्हा कशानेही भरून येत नाहीत.

दिवस निवडताना मी आता घाई करत नाही. एका वर्षी सप्टेंबरअखेरीस उघडीप पाहून रंगकाम करणाऱ्या मामांकडे गाडी नेली, तेव्हा त्यांनी आभाळाकडे पाहून परत पाठवले होते : "पावसाळी हवेत लॅकर मारलं की धुरकट पडतंय बघा. दोन दिवस कडक ऊन पडू द्या, मग या." हवेतील बाष्प ओल्या थरात अडकले की तो पांढरट होतो, हे तेव्हा कळले. म्हणून परतीचा पाऊस संपल्यावरचा कोरडा दिवस, सकाळचे दव पूर्ण सुकल्यानंतरची, म्हणजे दहाच्या पुढची वेळ, आणि जागा सावलीची, वारा व धूळ नसलेली, असे तिन्ही जुळावे. उन्हात तापलेल्या दिव्यावर पाणी टिकत नाही आणि कोटिंग पसरण्याआधीच ओढले जाते. दोन दिव्यांना तीन तास धरावेत आणि पुढचे २४ तास गाडी पावसापासून, धुण्यापासून दूर उभी राहील अशी सोय करावी.

प्रत्यक्ष घासण्याआधी दिवे बंद व थंड असावेत आणि गाडी साबणाच्या पाण्याने धुतलेली असावी. घाटातला लाल चिखल कडेच्या फटीत राहिला तर त्याचा एक कण सगळी मेहनत ओरबाडून टाकतो. मूळ थराचे पापुद्रे निघाले असतील तर आठशेने, नुसता पिवळेपणा असेल तर हजारने सुरुवात करावी. पहिला पेपर आडवा चालवावा, पुढचा उभा, त्यापुढचा पुन्हा आडवा. म्हणजे आधीच्या पेपरच्या रेघा पूर्ण गेल्या की नाही हे डोळ्यांना दिसते. येथे खाली वाहणाऱ्या पाण्याकडे लक्ष ठेवावे. सुरुवातीला ते हळदीच्या पाण्यासारखे पिवळट येते, अधूनमधून जुन्या थराचे पारदर्शक तुकडे बोटाला लागतात, आणि मग हळूहळू ते ताकासारखे पांढरे होते. पांढरे झाले म्हणजे खराब पृष्ठभाग निघाला. सर्वत्र पांढरे येईपर्यंत पुढच्या पेपरला हात घालू नये. बहुतेकांची चूक येथेच होते, दीड हजारवर लवकर उडी मारतात आणि कोपऱ्यांत पिवळे चंद्र तसेच राहतात. शेवटच्या पेपरनंतर दिवा बटरपेपरसारखा एकसारखा मॅट दिसतो, आणि पहिल्यांदा करणारा घाबरतो. घाबरू नये. त्यावर पाणी फवारून पाहावे. ओला असताना आरपार स्वच्छ दिसला तर थर बसल्यावरही तसाच दिसेल.

थर देण्यापूर्वी अल्कोहोलने दोनदा, दर वेळी वेगळ्या फडक्याने पुसावे आणि त्यानंतर उघड्या बोटाने स्पर्श करू नये. तयार कोटिंग एका दिशेने, वरून खाली न थांबता लावावे. मागे फिरून डाग सावरायला गेले की रेघ उमटते. गाडी रंगकामासाठी न्यायची असेल तर घासल्याच दिवशी न्यावी, वाटेत धूळ बसणारच, तेव्हा तेथे पुन्हा पुसून घेण्याची आठवण कारागिराला द्यावी.

दिवे सुकले की सपाट जागी, भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करून डिपरचा झोत पाहावा. झोताची वरची कड भिंतीवर दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण पाच सेंटिमीटर खाली यावी आणि ती डावीकडे किंचित वर चढलेली असावी, कारण आपण डावीकडून चालतो. उजळलेला दिवा वर रोखलेला असेल तर समोरच्याला तो पूर्वीपेक्षा जास्त त्रास देईल.

यापुढे काचेवरचा चिखल कोरडा पुसू नये, भांड्यांची घासणी लावू नये, आणि घरासमोर गाडी लावताना तिचे तोंड दुपारच्या पश्चिमेच्या उन्हाकडे न ठेवता भिंतीकडे किंवा झाडाकडे ठेवावे. गुढीपाडव्याच्या सुमारास एकदा वरची कड पाहावी, ऊन तेथेच सर्वाधिक लागते. पाणी टाकल्यावर थेंब गोल न राहता पसरत असेल आणि बोटाला पृष्ठभाग कोरडा लागत असेल, तर तयार कोटिंगवाल्यांनी पुन्हा सगळे घासत न बसता दोन हजारचा ओला पेपर हलका फिरवून, अल्कोहोलने पुसून, मे महिन्याआधी नवा हात द्यावा.