गडावरच्या कैदेतून पात्राला सोडवताना

दिवाळी अंकासाठी लिहिलेली माझी पहिली ऐतिहासिक कथा संपादकांकडून परत आली, तेव्हा तिच्यावर नापसंतीचा शेरा नव्हता. समासात पेन्सिलीने दोनच प्रश्न लिहिलेले होते. ‘हा पाणी कुठले पितो?’ आणि ‘परसाकडे कुठे जातो?’ माझा नायक सह्याद्रीतल्या एका गडावर चार महिने तळघरात बंदिस्त होता, एका अमावास्येला त्याने खिडकीचा गज वाकवला आणि धोतराचा दोर करून तो कड्यावरून उतरून गेला, एवढीच सुटका मी लिहिली होती. त्या दोन प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता कथेतले तळघर गेले, गज गेला आणि धोतरही गेले.

नव्याने लिहिणाऱ्यांनी पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती ही, की युरोपातल्या किल्ल्याचे तळघर उचलून आपल्या डोंगरी किल्ल्यावर ठेवता येत नाही. आपल्याकडे गडाची जागाच कैद्याला अडवत असे. रायगडासमोरचा लिंगाणा कैदी ठेवण्यासाठी वापरला जाई. १६६१ मध्ये राजापूरच्या वखारीतले इंग्रज पकडले गेले, तेव्हा त्यांतल्या काहींना कोयनेच्या खोऱ्यातल्या वासोट्यावर ठेवले होते. मी बामणोलीहून लाँचने वासोट्याला गेलो, रानातून चढून वर पोहोचलो आणि कड्याच्या टोकाशी बसून पाहिले, तेव्हा कुलपापेक्षा खालचे रान कैद्याला अधिक धाकात ठेवत असणार हे पटले. (ज्या जलाशयातून मी गेलो तो विसाव्या शतकातल्या कोयना धरणाचा आहे. सतराव्या शतकातल्या नायकाला त्यातून पोहत नेणारी एक कथा माझ्या वाचनात आली आहे.)

दुसरी गोष्ट दोराची. माझा नायक ज्या कड्यावरून उतरला तो मी साधारण तीस मीटरचा धरला होता. खात्री करावी म्हणून घरातले साडेचार मीटरचे एक जुने धोतर उभे फाडून चार पट्ट्या केल्या, त्यांतल्या तीन घेऊन तिपेडी वेणी घातली, आणि हातात जेमतेम साडेतीन मीटर दोर आला. गाठींत जाणारी लांबी धरली तर तीस मीटरसाठी नऊ-दहा धोतरे लागली असती, आणि इतकी धोतरे कैद्याजवळ असतील तर त्याला कैदी कशाला म्हणायचे? म्हणजे दोर बाहेरून आला पाहिजे. बाहेरून आला तर तो कोणीतरी आणला पाहिजे. आणि तो माणूस कैद्यापर्यंत रोज कशासाठी येतो, याचे उत्तर कथेत सुटकेच्या बऱ्याच आधी येऊन गेलेले असले पाहिजे. एका फाटक्या धोतराने माझ्या कथेला तीन नवी पात्रे दिली.

खऱ्या सुटका पाहिल्या तर दोर असाच आलेला दिसतो. ११०१ मध्ये लंडनच्या टॉवरमधून रॅनल्फ फ्लँबार्ड हा बिशप निसटला. त्याच्यासाठी पाठवलेल्या दारूच्या पिंपात दोर होता आणि ती दारू पहारेकऱ्यांनाच पाजली गेली, असे जुना वृत्तांत सांगतो. उतरताना त्याचे हात सोलवटून निघाले हा तपशीलही त्यात आहे. त्याच टॉवरमधून १५९७ मध्ये जॉन जेरार्ड हा पाद्री खंदकावर ताणलेल्या दोरावरून पलीकडे गेला. त्याची बाहेरच्यांशी जुळवाजुळव संत्र्याच्या रसाने लिहिलेल्या अदृश्य चिठ्ठ्यांतून झाली होती, आणि छळामुळे त्याच्या हातांत पुरते बळही उरलेले नव्हते. मला त्याच्या सुटकेतली आदली रात्र सर्वांत मोलाची वाटते. त्या रात्री मदतीला आलेली होडी प्रवाहात सापडून पुलाच्या खांबांवर आपटली, बेत फसला, आणि तीच माणसे दुसऱ्या रात्री पुन्हा आली. फसलेला पहिला प्रयत्न लिहायला नवा लेखक कचरतो, कारण त्याला पाने वाया गेल्यासारखी वाटतात. वाचकाचा विश्वास मात्र तिथेच बसतो.

व्हेनिसच्या कैदेतून १७५६ मध्ये पळालेल्या कॅसानोव्हाने स्वतः सांगितलेली हकिगत तर नवोदितांनी कथानकाच्या दृष्टीने अभ्यासावी अशी आहे. महिनोन्महिने खपून त्याने कोठडीची जमीन पोखरली, आणि काम पुरे होत आले असताना त्याला अधिक हवेशीर कोठडीत हलवण्यात आले, तेही मेहेरबानी म्हणून! पुढे पोखरण्याचा खिळा त्याने एका जाड बायबलमध्ये लपवला, त्यावर शेवयांसारख्या पदार्थाने भरलेली थाळी ठेवली आणि दुसऱ्या कैद्याकडे धाडली; नेणारा खुद्द तुरुंगाचा रखवालदार होता. त्याची सगळी नजर लोणी सांडू नये म्हणून थाळीवर लागलेली होती.

आपल्या गडांवरच्या व्यवस्थेत अशी फट शोधायची असेल तर आज्ञापत्रातले, म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांच्या राजनीतीवरच्या ग्रंथातले, दुर्गांचे प्रकरण लक्षपूर्वक वाचावे. गडाला एकाहून अधिक दरवाजे आणि चोरदिंड्या (लपवलेली लहान दारे) कराव्यात, नेहमीच्या राबत्याला लागतील तेवढ्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात, असे त्यात बजावले आहे. मी त्या चिणलेल्या दिंडीशी कितीतरी दिवस अडून बसलो. दिंडी चिणली म्हणजे कोण्या गवंड्याने चिणली. तो गवंडी गडावरच राहतो किंवा खालच्या घेऱ्यातल्या गावात. आणि पावसाळ्यात चुना धुपला की डागडुजीला त्यालाच बोलावतात. माझ्या कथेत कैद्याला पाणी आणून देणारी बाई त्या गवंड्याची सून झाली, आणि संपादकांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळाले. दुसऱ्याचे उत्तर पहाटेच्या एका फेरीत मिळाले. बेडी घातलेल्या कैद्याला शिपाई तटाकडेने ज्या वाटेने नेतो, त्या वाटेवरच त्याला ताजा चुना दिसतो.

पहारेकरी मूर्ख किंवा झोपाळू दाखवू नये. पानिपतावर नाहीशा झालेल्या सदाशिवरावभाऊंचा, म्हणजे भाऊसाहेबांचा, तोतया रत्नागिरीला कैदेत असताना, १७७६ मध्ये त्याला तिथल्या अंमलदारानेच, रामचंद्र नाईक परांजप्याने, मोकळे केले. तिथे गज वाकवावा लागला नाही, फक्त एका अधिकाऱ्याचे मन वळले. मन का वळले हे लिहिता आले तर अर्धी कथा हाती आली असे समजावे. आग्र्याच्या पेटाऱ्यांची नक्कल मात्र कोणी करू नये, कारण मराठी वाचकाला पेटारा दिसला की पुढचे सगळे दिसते. त्या प्रसंगातून उचलायचाच असेल तर बिछान्यात निजून राहिलेला हिरोजी उचलावा. कैदी गेल्याचे उशिरा कळणे हे निसटण्याइतकेच महत्त्वाचे असते, आणि तो उशीर कोणीतरी जीव धोक्यात घालून मिळवून दिलेला असतो.

बेडीचेही असेच आहे. ती कुलपाची असेलच असे नाही. रिव्हेट ठोकून बसवलेली बेडी तोडायला छिन्नी, हातोडा आणि आवाज लागतो. तो आवाज झाकायला मी गडावरच्या देवीच्या जत्रेतला संबळ वाजवला आणि छिन्नी एका लोहाराच्या हाती दिली.

दोन वर्षांनी कथा पुन्हा त्याच संपादकांकडे पाठवली. ती छापायला घेतल्याचे पत्र आले, सोबत हस्तलिखितही होते. शेवटच्या पानाच्या समासात पुन्हा पेन्सिल होती: ‘लोहाराचे पुढे काय झाले?’